डॉक्टर रिकामे, रुग्ण रांगेत : इंग्लंडमधल्या नव्या फॅमिली डॉक्टरांच्या पगाराची गोष्ट

आजचा विषय पैशाचा आहे, आणि तोही परक्या देशाच्या सरकारी पैशाचा. तेव्हा थोडी हिशेबाची भाषा येणार, तेवढी सांभाळून घ्या. पण हा हिशेब शेवटी एका साध्या प्रश्नापाशी येतो: सरकारनं डॉक्टरसाठी दिलेला पैसा नेमका कशाला बांधायचा? रुग्णाला, जागेला, की डॉक्टरच्या वयाला?

२०२४च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये दोन तक्रारी एकाच वेळी ऐकू येत होत्या. पहिली जुनीच. सकाळी आठला दवाखान्याचा फोन सुरू होतो, आठ वाजून पाच मिनिटांनी त्या दिवसाच्या सगळ्या वेळा संपलेल्या असतात. तिकडे या प्रकाराला 'आठची झुंबड' अशा अर्थाचं नावच पडलं आहे. दुसरी तक्रार नवी होती, आणि पहिल्यांदा ऐकताना विश्वास बसत नाही. फॅमिली डॉक्टरचं प्रशिक्षण नुकतंच पूर्ण केलेले तरुण सांगत होते, की आम्हाला नोकरी मिळत नाही. एका जागेला ढीगभर अर्ज, बदली डॉक्टर म्हणून मिळणारं सुट्टं कामही आटलेलं. म्हणजे रुग्ण डॉक्टर शोधतो आहे, डॉक्टर रुग्ण शोधतो आहे, आणि दोघांची गाठ पडत नाही.

हे कसं झालं, ते समजायला आधी तिथली रचना बघू.

इंग्लंडमध्ये जवळजवळ प्रत्येक माणूस एका दवाखान्यात नोंदवलेला असतो. असे दवाखाने ६ हजारांहून थोडे जास्त, आणि नोंदलेले लोक सुमारे ६ कोटी ३० लाख. सरासरी काढली तर एका दवाखान्यामागे दहा हजार लोक. तिथला डॉक्टर म्हणजे जनरल प्रॅक्टिशनर. बोलताना सगळे 'जीपी' म्हणतात, आपणही तेच म्हणू. तातडीची गोष्ट सोडली तर तज्ज्ञाकडे जायचं ते बहुतेक वेळा जीपीच्या चिठ्ठीवर.

आता यातली गंमत अशी, की राष्ट्रीय आरोग्य सेवेतला हा सगळ्यात ओळखीचा डॉक्टर बहुतांशी सरकारी नोकर नाहीच. ५ जुलै १९४८ला ही सेवा सुरू झाली, तेव्हा आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी रुग्णालयं सरकारच्या ताब्यात घेतली, पण जीपी स्वतंत्र कंत्राटदार राहिले. तीच चौकट बऱ्याच अंशी आजही आहे. दोन-चार डॉक्टर भागीदारीत दवाखाना चालवतात. सरकार त्यांना नोंदलेल्या माणसामागे वर्षाला ठरावीक रक्कम देतं. माणूस वर्षात वीसदा आला काय किंवा एकदाही न आला काय, रक्कम तीच. २०२५-२६मध्ये ही मूळ रक्कम १२१ पाउंडांच्या थोडी वर होती. वय, आजारपण वगैरे धरून ती कमी-जास्त होते, त्या सूत्राकडे नंतर येऊ. दहा हजार लोकांचा दवाखाना म्हणजे वर्षाला साधारण १२ लाख पाउंड. इतर काही कामांचे पैसे वेगळे मिळतात. या पैशातून परिचारिका, स्वागतकक्षातली माणसं, वीज, विमा, सगळं भागवायचं आणि उरेल ते भागीदारांचं उत्पन्न.

म्हणजे तिथे नवा पगारी डॉक्टर ठेवायचा निर्णय हा घरखर्चाचा निर्णय असतो. २०२४-२५च्या ठरलेल्या वेतनश्रेणीत पगारी जीपीचा पूर्णवेळ पगार तळाला ७३ हजार पाउंडांच्या वर होता. त्यावर मालकाचा विमा-निवृत्तिवेतनाचा हिस्सा धरला, की खर्च ९० हजारांच्या पुढे जातो. हे पैसे कुठून येणार? महागाई वाढली आणि माणशी मिळणारी रक्कम त्या वेगानं वाढली नाही, तर भागीदाराला पहिला खर्च वाचवता येतो तो नव्या डॉक्टरचा. वाईट माणूस म्हणून नाही, दवाखाना बंद पडू नये म्हणून.

आता या गोष्टीत एक योजना येते, आणि आमच्या मते खरी गाठ तिथेच बसली.

२०१९मध्ये सरकारनं दवाखान्यांना गट करायला सांगितलं. साधारण ३० ते ५० हजार लोकसंख्येमागे एक गट, नाव प्रायमरी केअर नेटवर्क. आपण नुसतं 'नेटवर्क' म्हणू. देशभरात अशी सुमारे साडेबाराशे नेटवर्क झाली. त्यांना सांगितलं गेलं, की तुम्ही औषधतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, पॅरामेडिक, आहारतज्ज्ञ, एकाकी माणसांना गावातल्या मंडळांशी जोडून देणारे कार्यकर्ते अशी माणसं नेमा. त्यांचा पगार आम्ही भरून देतो. सुरुवातीला बहुतेक पदांचा ७० टक्के पगार मिळे, २०२० पासून शंभर टक्के. हिचं नाव 'अतिरिक्त पदांची प्रतिपूर्ती योजना'. २०२३-२४ पर्यंत या एका योजनेचा आकार वर्षाला सुमारे १४० कोटी पाउंड झाला. २६ हजार माणसांचं लक्ष्य होतं, ते मुदतीआधी ओलांडलं.

मग अडचण काय? अडचण ही, की या यादीत जीपी नव्हता. दवाखान्यातली नेहमीची परिचारिकाही नव्हती.

त्यामागे विचार होता, तो पूर्ण चुकीचा नव्हता. डॉक्टर मिळतच नाहीत, मग डॉक्टरचं जे काम दुसरं कोणी करू शकेल ते त्याच्या हातून काढून घेऊ. दहा औषधं घेणाऱ्या आजोबांच्या गोळ्यांचा मेळ घालायचं काम औषधतज्ज्ञ चांगलं करतो, कधी कधी डॉक्टरपेक्षा चांगलं. शिवाय सरकारला भीती होती, की जीपीचा पगार भरून दिला तर दवाखाने आधीचेच डॉक्टर या खात्यात दाखवतील आणि एकही माणूस वाढणार नाही. रास्त भीती आहे ती.

पण आता दवाखान्याच्या जागी बसून बघा. समोर दोन माणसं उभी आहेत. डॉक्टर, जो तुम्हाला वर्षाला ९० हजारांना पडेल, आणि औषधतज्ज्ञ, जो फुकट पडेल. तुम्ही कुणाला घ्याल? पाच वर्षं हजारो दवाखान्यांनी हाच प्रश्न सोडवला, आणि उत्तर एकच आलं. २०१९च्या निवडणुकीत तेव्हाच्या सत्ताधारी पक्षानं सहा हजार जादा जीपींचं वचन दिलं होतं. प्रत्यक्षात पूर्ण प्रशिक्षित जीपी, पूर्णवेळ कामाच्या हिशेबात मोजले, तर सप्टेंबर २०१५मध्ये २९ हजारांच्या वर होते आणि २०२४मध्ये २८ हजारांच्या खाली आले. लोकसंख्या मात्र वाढत होती. एका पूर्णवेळ जीपीमागे सव्वादोन हजारांहून जास्त माणसं झाली.

त्याच काळात प्रशिक्षणाच्या जागा मात्र वाढवल्या जात होत्या. जीपी व्हायला किती वर्षं लागतात? वैद्यकीय शिक्षण साधारण पाच, मग पायाभूत दोन, मग जीपीचं खास प्रशिक्षण तीन. दहा वर्षं. या दहा वर्षांवर सरकारचा पैसा खर्च होतो. आणि दहाव्या वर्षी ज्या दारातून त्यानं आत जायचं, त्या दाराशी दुसऱ्याच सरकारी योजनेनं दुसऱ्याच माणसाला उभं केलेलं. एक हात पेरतो, दुसरा हात पाणी तोडतो. असं आपल्याकडेही होतं म्हणा, पण तो आजचा विषय नाही.

जुलै २०२४मध्ये सरकार बदललं. वेस स्ट्रीटिंग आरोग्यमंत्री झाले आणि १ ऑगस्टला घोषणा झाली: याच योजनेत ८ कोटी २० लाख पाउंड टाकतो, त्यातून एक हजारावर नव्यानं पात्र झालेले जीपी नेमा. १ ऑक्टोबरपासून सुरुवात, आर्थिक वर्ष संपेपर्यंत, म्हणजे सहा महिन्यांसाठी. अटी अशा: प्रशिक्षण पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र मिळून दोन वर्षांच्या आतला डॉक्टर हवा. त्यानं आधी कुठल्या दवाखान्यात जीपी म्हणून कायम स्वरूपाची नोकरी केलेली नसावी. हा पैसा याच कामाला वापरायचा, दुसरीकडे वळवायचा नाही. भरून मिळणारा पगार जास्तीत जास्त वर्षाला ७३ हजार ११३ पाउंड, अधिक मालकाच्या हिश्शाचा खर्च.

दोन वर्षांची अट आणि आधी नोकरी नसण्याची अट का, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. जुन्याच डॉक्टरला नव्या खात्यात दाखवता येऊ नये. कुंपण चांगलं घातलं. पण कुंपण घातलं की कोणी तरी बाहेर राहतोच. ज्यानं तीन वर्षांपूर्वी प्रशिक्षण संपवलं, दोन वर्षं बदलीची कामं केली आणि मग ज्याच्याकडे काम नव्हतं, तो २०२४च्या या योजनेत बसत नव्हता. ज्याची अडचण पाहून योजना निघाली, त्यातलाच एक गट दाराबाहेर.

आता थोडं गणित करू, फार नाही. ८ कोटी २० लाख पाउंड आणि ६ कोटी ३० लाख लोक. माणशी साधारण एक पाउंड तीस पेन्स. ४० हजार लोकांच्या नेटवर्कला सहा महिन्यांचे मिळाले ५२ हजार पाउंड. सहा महिन्यांचा पगार आणि मालकाचा हिस्सा मिळून एका पूर्णवेळ डॉक्टरला लागतात साधारण ४६ हजार. म्हणजे एका नेटवर्कला एक डॉक्टर आणि वर चिमूटभर. त्या नेटवर्कमध्ये दवाखाने किती? पाच-सहा सहज. मग हा एक डॉक्टर बसणार कुठे? सोमवारी इथे, मंगळवारी तिथे? त्याच्या खोलीचं भाडं कोण देणार? योजनेत पगार आहे, खोली नाही. नव्या डॉक्टरला पहिली दोन-तीन वर्षं शेजारच्या खोलीत अनुभवी माणूस लागतो. 'जरा ही गाठ बघता का' असं विचारायला. त्या अनुभवी माणसाचा वेळ कुणाच्या खात्यात मांडायचा? गंमत म्हणजे नव्या जीपींना पहिल्या दोन वर्षांत आधार देणारी एक राष्ट्रीय फेलोशिप योजना मार्च २०२४मध्येच संपली होती. आधार मार्चमध्ये काढला, माणसं ऑक्टोबरमध्ये आणली.

ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं पगाराच्या रकमेवरही बोट ठेवलं: ही तर श्रेणीच्या तळाची रक्कम आहे. पुढची वाढ द्यायची तर दवाखान्यानं पदरची घालायची.

तरीही योजना चालली, हे आम्हाला मोकळेपणानं सांगितलं पाहिजे. एप्रिल २०२५मध्ये सरकारनं जाहीर केलं, की दीड हजारावर जीपी नेमले गेले. लक्ष्य हजाराचं होतं. घरी बसलेले लोक कामाला लागले, ही छोटी गोष्ट नाही. आकडा वाचताना मात्र दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, डोकी मोजली आहेत की पूर्णवेळ कामाचे तास, ते आधी बघायचं; आजचे बरेच जीपी आठवड्यातले काही दिवसच काम करतात. दुसरी, एकीकडून दीड हजार आले तेव्हा दुसरीकडून निवृत्त किती झाले, तेही बघायचं. आजा मेला, नातू झाला, घरात माणसं तेवढीच, अशी आपल्याकडे म्हण आहे. मनुष्यबळाचे आकडे वाचणाऱ्यानं ती भिंतीवर लिहून ठेवावी.

२०२५-२६मध्ये सरकारनं नियम सैल केले. वेगळं राखीव खातं मोडून सगळ्या पदांचा एकच निधी केला, परिचारिकांनाही यादीत घेतलं, आणि जीपीच्या पगाराची मर्यादा ८२ हजार ४१८ पाउंडांवर नेली. आता नेटवर्कनं ठरवायचं, औषधतज्ज्ञ हवा की डॉक्टर. हे आधीपेक्षा शहाणपणाचं आहे असं आमचं मत. पण निवड आली तशी ओढाताणही आली. निधी एकच, आणि नवा डॉक्टर घ्यायचा तर कदाचित कोणा औषधतज्ज्ञाला जा म्हणायचं, ज्यानं चार वर्षं चांगलं काम केलं आहे.

इथे थोडं मागे जाऊ, कारण पगार भरून द्यायची ही कल्पना २०१९ची नाही. साठच्या दशकात ब्रिटनमधले जीपी असेच टेकीला आले होते. एकटा डॉक्टर, घराच्याच एका खोलीत दवाखाना, मदतीला बहुधा बायको. जो डॉक्टर परिचारिका ठेवी त्याचं उत्पन्न घटे, जो ठेवत नसे त्याचं वाढे. हजारो डॉक्टरांनी तारीख न घातलेले राजीनामे आपल्या संघटनेकडे दिले. त्यातून वाटाघाटी झाल्या आणि १९६६मध्ये नवी व्यवस्था आली, जिला फॅमिली डॉक्टरांची सनद म्हणतात. तिच्यात मदतनिसांच्या पगाराचा ७० टक्के हिस्सा सरकार देणार असं ठरलं, आणि जागेचा खर्चही. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तिथला दवाखाना ओळखू येणार नाही इतका बदलला. एकत्र काम करणारे डॉक्टर, परिचारिका, नीट इमारती.

१९६६ आणि २०१९ यांतला फरक बघा. तेव्हा ७० टक्के मिळत, ३० टक्के दवाखाना घाली, आणि माणूस त्या दवाखान्याचा असे. पदरचे तीस टक्के घालणारा मालक माणूस निवडून घेतो, त्याला शिकवतो, टिकवतो. पूर्ण पगार दुसऱ्याचा आणि मालकी पाच दवाखान्यांत वाटलेली, असं झालं की तो माणूस सगळ्यांचा आणि कुणाचाच नाही, असं होऊ शकतं. सगळीकडे होतं असं आम्ही म्हणत नाही. काही नेटवर्कनी नव्या डॉक्टरला एकाच दवाखान्यात ठेवण्याची व्यवस्था केली, तिथे चित्र वेगळं. पण हे नेटवर्कच्या समजुतीवर सोडलेलं आहे, पैशाच्या रचनेत ते नाही.

आणि एकाच दवाखान्यात राहण्याला एवढं महत्त्व कशाला? फॅमिली डॉक्टर हा शब्द मराठीत रुळला तो उगीच नाही. आपल्या आईला काय झालं होतं, आपण कुठल्या गोळीनं अंगावर पित्त उठवून घेतो, हे न सांगता ज्याला माहीत असतं तो. ही केवळ हळवी आठवण नाही. नॉर्वेमध्ये सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदींवर एक अभ्यास झाला, २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच जीपीकडे पंधरा वर्षांहून जास्त काळ असलेल्या लोकांची तुलना एक वर्षापुरताच तो जीपी असलेल्यांशी केली. तातडीच्या सेवेचा वापर, रुग्णालयात भरती, मृत्यूचं प्रमाण, तिन्ही साधारण पंचवीस ते तीस टक्क्यांनी कमी आढळलं. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, याच कारणानं ते झालं असं छातीठोक म्हणता येत नाही. पण नातं वर्षागणिक जितकं जुनं, तितका फरक मोठा, अशी पायरी-पायरीनं चढती रेघ त्यात दिसते. सहा महिन्यांच्या निधीवर नेमलेल्या माणसाकडून पंधरा वर्षांचं नातं कसं मागायचं?

आता जागेचा प्रश्न. डॉक्टर कुठे जातो? वेल्समधल्या एका खाणगावात आयुष्यभर जीपी राहिलेले ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक नियम मांडला. चांगल्या वैद्यकीय सेवेची उपलब्धता तिच्या गरजेच्या व्यस्त प्रमाणात असते. जिथे आजार जास्त तिथे सेवा कमी. पन्नासहून जास्त वर्षं झाली, नियम मोडलेला नाही. मघाशी सूत्राचा उल्लेख केला ना, ते २००४पासून लागू असलेलं कार-हिल सूत्र. त्यात वय, स्त्री-पुरुष, दीर्घ आजार, दूरचं गाव अशा गोष्टी धरतात. पण गरिबीमुळे दवाखान्यावर पडणारा भार त्यात पुरेसा उतरत नाही, असं अनेक अभ्यासकांचं म्हणणं आहे. गरीब वस्तीतल्या दवाखान्याला गरजेच्या मानानं कमी पैसा आणि एका डॉक्टरमागे जास्त माणसं. या सूत्राचा फेरविचार करण्याचं सरकारनं २०२५मध्ये जाहीर केलं.

नव्या डॉक्टरांचा पैसा नेटवर्कच्या लोकसंख्येच्या हिशेबानं वाटला. लंडनजवळच्या सुखवस्तू भागालाही मिळाला, उत्तरेकडच्या बंद गिरण्यांच्या गावालाही. दोघांना सारखीच पगारमर्यादा. मग तरुण डॉक्टर कुठे अर्ज करेल? याआधी, २०१६ पासून, ज्या भागात प्रशिक्षणार्थी जायला तयार नसत तिथे जाणाऱ्याला एकरकमी २० हजार पाउंड द्यायची योजना होती. ती जागेला बांधलेली होती. नव्या योजनेत जागेचा विचार जवळजवळ नाहीच, आणि आमच्या दृष्टीनं ही तिची सगळ्यात मोठी उणीव आहे.

इथे आपला संबंध येतो. साठ ते ऐंशीच्या दशकात त्या गिरण्यांच्या आणि खाणींच्या गावांतले दवाखाने चालवले कोणी? मोठ्या प्रमाणात भारतीय उपखंडातून गेलेल्या डॉक्टरांनी. रुग्णालयातल्या मानाच्या शाखा आणि सुखवस्तू भागातल्या भागीदाऱ्या त्यांना सहजी मिळत नव्हत्या. जिथे कोणी जात नव्हतं तिथे ते गेले, आणि तीस-तीस वर्षं तिथेच राहिले. मराठी माणसंही त्यांत होती. ती पिढी आता निवृत्त झाली आहे.

आजही जीपीच्या प्रशिक्षणात परदेशात वैद्यकीय पदवी घेतलेल्यांची संख्या मोठी आहे; अलीकडच्या वर्षांत नव्या प्रवेशांत निम्म्याच्या आसपास तेच आहेत, आणि त्यांत भारतीय खूप. त्यांच्यासाठी नोकरी न मिळणं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. २०२४च्या नियमांनुसार कायमच्या वास्तव्यासाठी कामाच्या व्हिसावर पाच वर्षं लागत. हृदयरोगाचा किंवा शस्त्रक्रियेचा डॉक्टर इतकी वर्षं प्रशिक्षणातच असतो, त्याची पाच वर्षं तिथेच भरतात. जीपीचं प्रशिक्षण तीनच वर्षांचं. उरलेल्या दोन वर्षांसाठी व्हिसाचं प्रायोजन करणारा मालक लागतो, आणि त्यासाठी दवाखान्याकडे गृहखात्याचा परवाना लागतो. चार माणसांचा छोटा दवाखाना तो परवाना काढायच्या भानगडीत पडत नाही. २०२३मध्ये सरकारनं अशा डॉक्टरांना व्हिसा संपताना नोकरी शोधायला चार महिने वाढवून दिले. चार महिन्यांत परवानाधारक दवाखाना शोधा, नाही तर दहा वर्षांचं शिक्षण घेऊन देश सोडा. या माणसासाठी ती दीड हजारातली एक जागा म्हणजे काय असेल, याचा विचार करा.

महाराष्ट्राबद्दल दोनच वाक्यं, कारण तुलना पूर्ण बसत नाही. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्राचा निकष सपाटीच्या भागात ३० हजार लोकसंख्येला एक असा आहे, आदिवासी आणि डोंगराळ भागात २० हजारांना. आणि तिथे नवा एमबीबीएस डॉक्टर बऱ्याचदा येतो तो बंधपत्राच्या वर्षापुरता, फॅमिली डॉक्टरचं वेगळं तीन वर्षांचं प्रशिक्षण न घेता. तिकडे नव्या डॉक्टरला पगाराच्या दोरीनं आणतात, इकडे दंडाच्या, पण दोन्ही दोऱ्या आखूड आहेत.

आता चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यातल्या दोन घेतो.

पहिली चिठ्ठी: 'मग सगळ्याच जीपींना सरकारनं पगारी नोकर का करू नये?' हा प्रश्न तिकडे १९४८पासून विचारला जातो आहे. पगारी डॉक्टरांचं प्रमाण तसंही वाढतंच आहे. आमचं उत्तर असं, की नोकर की भागीदार यापेक्षा पैसा मूळ यादीत घातला की वरून चिकटवला, याचा फरक जास्त पडतो. माणशी रक्कम पुरेशी वाढवली आणि गरीब वस्तीला जास्त वजन दिलं, तर दवाखाना स्वतःच डॉक्टर नेमेल आणि आपला म्हणून ठेवेल. यात धोका नाही असं नाही. तो पैसा भागीदारांच्या खिशात गेला तर? सरकारला हीच भीती वाटते, आणि तिला उत्तर आहे: किती तास डॉक्टर रुग्णांसमोर होता, याचा हिशेब दरवर्षी मागा. पावत्या मागण्यापेक्षा ते सोपं आहे.

दुसरी चिठ्ठी एका बाईंची आहे: 'मुलगी तिकडे जीपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिनं काय बघावं?' ताई, आम्ही नोकरीचा सल्ला देणारे नाही, पण वरच्या सगळ्या गोष्टींतून निघतं ते सांगतो. मालक नक्की कोण हे लेखी बघावं: नेटवर्क स्वतः माणसं नेमतं, की त्यातला एखादा दवाखाना. व्हिसाचं प्रायोजन करण्याचा परवाना कोणाच्या नावावर आहे ते अर्ज करतानाच विचारावं, मुलाखतीनंतर नाही. करार किती महिन्यांचा, आणि सरकारी प्रतिपूर्ती थांबली तर काय, याचं कलम त्यात आहे का. किती दवाखान्यांत बसायचं. पूर्णवेळ म्हणजे तिकडे आठवड्याला नऊ सत्रं, एक सत्र चार तास दहा मिनिटांचं. त्यातली किती रुग्ण तपासण्याची आणि किती शिकण्याची, हेही करारात यावं. शंका विचारायला त्या दिवशी इमारतीत कोण असणार, त्याचं नाव मागून घ्यावं. मेडिकल असोसिएशन आपल्या सभासदांचे करार तपासून देते, सही करण्याआधी तिथे पाठवावा. आणि पहिली कायम नोकरी घाईनं कुठे तरी धरण्याआधी पात्रतेची अट वाचावी, कारण २०२४मध्ये आधी कायम नोकरी केलेल्याला या निधीतून घेता येत नव्हतं. नियम दर एप्रिलला बदलतात, तेव्हा त्या वर्षाचा कागद समोर ठेवूनच वाचावी.